इतर मार्गांपासूनचे उत्पन्न

जुलै उजाडला की मराठी कथाकाराला दोन फोन येतात. एक दिवाळी अंकाच्या संपादकांचा, दुसरा सीएचा. संपादक म्हणतात, कथा पाठवा, मानधनाचं बघू. सीए म्हणतो, फॉर्म सोळा पाठवा, फीचं बघायला नको, ती ठरलेली आहे.

यंदा मी आधी सीएकडे गेलो. सीए माझाच विद्यार्थी. दहावीला मराठीत पस्तीस पडले होते, ते कसे पडले हे तो जाणतो आणि मीही.

"सर, तुमची ती कादंबरी आली ना? मग तुम्हाला एटी क्यूक्यूबी लागू होतं."

पंचवीस वर्षं लिहितोय, पण लेखक म्हणून मला काही लागू होतं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली.

१९६१ च्या आयकर कायद्यात ८० क्यूक्यूबी नावाचं कलम आहे. साहित्यविषयक पुस्तकाच्या लेखकाला रॉयल्टीच्या उत्पन्नातून वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत वजावट. मी मनातल्या मनात गुणाकार केला. तीनशेचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, प्रतीमागे तीस रुपये. तीन लाख व्हायला दहा हजार प्रती खपायला हव्यात. माझी आवृत्ती पाचशेची. म्हणजे वर्षात वीस आवृत्त्या. पूर्वी मराठीत हजाराची आवृत्ती निघायची, मग पाचशेची झाली, आता प्रिंट ऑन डिमांड आहे. डिमांड आली तर प्रिंट.

कायदा तिथेच थांबत नाही. रॉयल्टी विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या पंधरा टक्क्यांहून जास्त असेल तर वरचा भाग वजावटीसाठी धरायचा नाही, अशीही तरतूद आहे. लेखक प्रकाशकाला नाडून पंधरा टक्क्यांच्या वर उकळतील, ही भीती ज्या कुणी अधिकाऱ्याला वाटली, त्याच्या कल्पनाशक्तीपुढे आम्ही कथाकार काहीच नाही. पुढे आणखी गंमत. शालेय पाठ्यपुस्तकं आणि गाइडं या सवलतीतून वगळली आहेत. म्हणजे अप्पा बळवंत चौकात ज्या मालावर दुकानं चालतात, तो लिहिणाऱ्याला सवलत नाही. ज्याला तीन लाख मिळू शकतात त्याला कलम नाही, ज्याला कलम आहे त्याला तीन लाख नाहीत.

अपवाद आहेत, नाही कसे? 'स्वामी' आहे, 'मृत्युंजय' आहे, 'पानिपत' आहे. मराठीत कादंबरी खपवायची तर एक पेशवा तरी हवा, नाहीतर कर्ण, नाहीतर निदान एक दारुण पराभव. माझ्या कादंबरीतही पराभव आहे, पण तो मिरजेतल्या एका बीएड झालेल्या बेकार मुलाचा आहे. त्यात लाख बांगडी फुटत नाही.

"रॉयल्टी किती आली सर?"

मी प्रकाशकांचा हिशेब पुढे केला. विक्री १३७ प्रती. रॉयल्टी ४,११० रुपये. वजा लेखकाने सवलतीत घेतलेल्या ४० प्रती, १८० रुपयांप्रमाणे ७,२००. शिल्लक: लेखकाकडून येणे ३,०९० रुपये.

त्याने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"यासाठी प्रकाशकांकडून एक फॉर्म लागेल. टेन सीसीडी."

तिथूनच फोन लावला. प्रकाशक सज्जन आहेत, पण ऐकायला कमी येतं. म्हणाले, "टेन? अहो गुरुजी, आपल्या पाच प्रतीच ठरल्या होत्या."

सीए मधल्या वेळात गणित मांडत होता. माझा पगार साडेअकरा लाख. नव्या करपद्धतीत मला कर शून्य, पण तिथे ८० क्यूक्यूबी चालत नाही. लेखक म्हणून सवलत घ्यायची तर जुन्या पद्धतीत जायचं. तिथे कर लाखाच्या वर, आणि त्यातून लेखक असल्यामुळे वाचणार ८५५ रुपये, तेही सेस धरून.

"मास्तर म्हणून भरलं तर फुकट आहे सर. लेखक म्हणून भरलं तर लाख रुपये."

हे वाक्य मराठी विभागात फ्रेम करून लावावं असं आहे. पण नवीन काहीच नाही त्यात. हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाचे व्यवस्थापक होते, खांडेकर शिरोड्याला मास्तर, माडगूळकर आकाशवाणीत, दळवी यूसिसमध्ये, जी. ए. धारवाडला इंग्रजी शिकवायचे. मराठी कथासाहित्याचा आश्रयदाता कोण, असं परीक्षेत आलं तर मुलांनो, 'हजेरीपट' असं लिहा. हे लोक मोठे होतेच, पण घरी एक तारखेला पगारही यायचा.

जो लेखणीच्या जोरावर जगू पाहतो त्याचं काय होतं, तेही माहीत आहे. अण्णा भाऊ साठ्यांनी घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिलं आणि १९६९ साली ते हलाखीत गेले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क कायदा शाबूत ठेवतो, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०२९ संपेपर्यंत. मेल्यावरची साठ वर्षं कायद्याने बघितली आहेत. आधीचं ज्याचं त्याने बघायचं.

असो. माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो, "सर, लेखक व्हायला काय करावं लागतं?" मी सांगत आलो, वाचन कर, निरीक्षण कर. आता सांगेन, डीएड कर.

"तर मग ही रक्कम कुठं दाखवायची?" मी विचारलं.

"इतर मार्गांपासूनचं उत्पन्न. बँकेच्या ठेवीचं व्याज, त्याखाली कादंबरी."

तीन वर्षं पहाटे चारला उठून लिहिलेली कादंबरी, ठेवीच्या व्याजाखाली. व्याजाचा आकडा मोठा होता, त्यामुळे क्रमही बरोबरच होता.

मग त्याला सुचलं. "सर, छंद म्हणू नका, व्यवसाय म्हणा. मग खर्च टाकता येतो. काय खर्च झाला?"

विचारायचाच अवकाश. प्रकाशन समारंभाचं सभागृह ६,०००. पुण्याहून पाहुणे आणायची गाडी ५,५००. पाहुण्यांनी पुस्तक गाडीत चाळलं, सांगलीपर्यंत मलपृष्ठ वाचून झालं होतं. शाल, श्रीफळ, फेटे १,९००. पोहे-चहा ४,८००, एकशेवीस प्लेटी उठल्या, प्रती विकल्या एकतीस. पोहे शंभर टक्के सवलतीत होते, हे धरायला हवं. नऊ पुरस्कारांना तीन-तीन प्रती पाठवल्याचं कुरिअर २,२००. ते पुरस्कार मिळाले की नाही ते विचारू नका. विजेत्यांना फोन जातो, बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर निमंत्रण येतं. शिवाय त्या ४० प्रती. एकूण २७,६००. त्यातून ४,११० वजा.

"तोटा २३,४९०," तो खुशीत म्हणाला. पस्तीस मार्कांचा मुलगा, पण वजाबाकी चोख.

"मग हा पगारातून वजा?"

"नाही सर. व्यवसायाचा तोटा पगारातून वजा होत नाही. पण पुढची आठ वर्षं ओढता येतो. लेखनात नफा झाला की त्यातून वळता करायचा. फक्त फॉर्म बदलेल. आजवर आपण फॉर्म एक भरायचो, त्याचं नाव सहज. चारचं नाव सुगम."

"आणि माझा?"

"तीन. त्याला नाव नाही. आणि फी तिप्पट."

तेवढ्यात फोन वाजला. दिवाळी अंकाचे संपादक. कथा हवी, तीन हजार शब्द, पंधरा ऑगस्टच्या आत. कागद महागलाय, त्यामुळे मानधनाऐवजी अंक देऊ, आणि ओळखीतली एखादी जाहिरात मिळवून दिलीत तर बरं होईल. स्पीकर चालू राहिला होता.

सीएने मान वर केली. "पाव पानाचे किती विचारा, सर."

"तीन हजार," संपादकांनीच सांगितलं.

"माझी टाका," तो म्हणाला, आणि लॅपटॉपकडे वळून माझ्या खर्चात त्याने आणखी एक ओळ उघडली.