एप्रिलात पाडलेला पाऊस

“काय रं दादा, पाऊस कवा परल?”

पडघ्याच्या बाजूला कुठल्याही गावात मोटरसायकल उभी केली की हा प्रश्न आलाच. माझ्या पिशवीत पाने, मल्टिमीटर, जुना टूथब्रश आणि एक बारा व्होल्टची बॅटरी असते. पाऊस नसतो. पण ज्याच्याकडे हवामान केंद्राच्या कुंपणाची किल्ली, त्याच्याकडे ढगाचीही असणार, असा गावाचा सरळ हिशेब. उद्याचं मला काही कळत नाही, माझा संबंध पडून गेलेल्या पावसाशी, हे कितीदा सांगितलं तरी कुणाला पटत नाही.

महसूल मंडळागणिक एक, अशी दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून उभी राहिली. खांबावर वारा, तापमान, आर्द्रता मोजायची यंत्रं आणि शेजारी पर्जन्यमापक. त्याच्या आत दोन चिमुकल्या वाट्यांचा झोका असतो. एक भरली की कलंडते, दुसरी वर येते. मी हाताळतो त्यात एक कलंडणं म्हणजे अर्धा मिलिमीटर.

कावळ्यांना पर्जन्यमापकाच्या तोंडावरचं नरसाळं म्हणजे सरकारने खास त्यांच्यासाठी बांधलेलं शौचालय वाटतं. तापमानाच्या तबकड्यांत गांधीलमाश्या बिऱ्हाड करतात. यंत्र बंद पडलं तर ऑफिसला कळतं. नरसाळं तुंबलं तर कळत नाही. जूनमध्ये कुणा पाखराने टाकलेली जांभळाची बी अडकली की धो धो पावसात ते शांतपणे शून्य कळवत राहतं. इतकं सभ्य खोटं माणसालाही जमायचं नाही. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, आणि भाताच्या नुकसानभरपाईची गाडी त्या आकड्यापाशी येऊन थांबते. आडव्या झालेल्या भाताचा न्याय एका बीवर अडतो तो असा.

बी नसली तरी भांडण असतंच. “माझ्या खाचरात परला, तुझ्या खांबावर नाय परला!” मी वाद घालत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 74 च्या आसपास. मग एवढ्या मंडळाला एक खांब कुठवर पुरणार? त्यात आमची गोदामांची भिवंडी. वाऱ्याचं यंत्र अडथळ्याच्या उंचीच्या दहापट लांब असावं, असा नियम. खांब लावला तेव्हा समोर भात होता. आता पत्र्याचं गोदाम आहे. गोदामाला नियम सांगायला मी जात नाही.

तर एका एप्रिलची गोष्ट. पावसाळ्याआधी पर्जन्यमापकाची परीक्षा घ्यायची असते. वीस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यात 314 मिलिलीटर पाणी सावकाश सोडलं की वाट्या वीस वेळा कलंडायला हव्यात. बरोबर दहा मिलिमीटर. वीसच मोजल्या. फक्त ही चाचणी आहे, हे आकडे नोंदवणाऱ्या लॉगरला आधी सांगायचं असतं, ते मी विसरलो.

अर्ध्या तासात फोन. “तापमान एकोणचाळीस, आभाळ निरभ्र आणि तुमच्याकडे दहा मिलिमीटर? ढगफुटी वगैरे?”

कुंपणापलीकडे एक आजी खाटेवर कुरडया वाळवत होती. मी आवाज खाली घेतला. “साहेब, तो मी पाडला.”

आवाज पुरेसा खाली गेला नसावा. आजी कुरडई उलटताना थांबली. “पारलास ना? मंग जूनला वेलेवर का नाय पारत?”

याला लॉगरच्या पुस्तकात उत्तर नाही. त्या दिवसाचा आकडा ऑफिसने बाद केला. आजीच्या लेखी मात्र तो कायम आहे. दर मृगाला ती माझ्याकडे थकबाकीदाराकडे पाहावं तशी पाहते.

तुमच्या गावात असा खांब असेल तर त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालू नका, बकरी आत सोडू नका. आणि भर पावसात नरसाळ्यात पाणी साचलेलं दिसलं तर तलाठ्याच्या कानावर घाला. बी काढायला मी येतो.