दुसरीतले बाबा

दुसरीच्या प्रत्येक वर्गात एक तरी बाबा शिकत असतात. हजेरीपटावर नाव मुलीचं. पण सोमवारी बाईंचा ग्रुपवर मेसेज पडला, ‘या आठवड्यात लांबी : वीत, हात, पाऊल’, की पहिला अंगठा यांचा. पाठोपाठ शंका : ‘मॅडम, कुणाची वीत धरायची?’

आमच्या बिल्डिंगमधले हे गृहस्थ नाशिकमध्ये सातपूरच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहेत. दिवसभर जॉब तपासायचे, संध्याकाळी मुलीची वही.

बाईंचा बेत साधा होता. पोरांनी आपापल्या वितीने बाक मोजावा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं यावं, त्यावरून वर्गात भांडणं व्हावीत आणि भांडता भांडता पट्टी कशाला लागते ते त्यांचं त्यांनाच कळावं. मला तर हे फार शहाणपणाचं वाटतं. बाबांना मात्र भांडणापर्यंत थांबायला वेळ नाही. मंगळवारी रात्री त्यांनी थेट व्हर्निअर काढला. जेवणाचं टेबल काही त्याच्या जबड्यात मावेना, तिथे टेप लावला. मग 0.02 मिलिमीटरपर्यंत अचूक पेन्सिल मोजली, खोडरबर मोजला आणि बायको नको नको म्हणत असताना दुसऱ्या दिवशीच्या डब्यातली पोळीही मोजली. पोळी कडेला जाड आणि मध्ये पातळ निघाली. निघाली तर निघाली, पण त्यांनी ते बोलून दाखवलं. त्या रात्रीचा अभ्यास तिथेच संपला.

गुरुवारी पाऊस कोसळत होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की किती क्युसेक ते बातम्यांत सांगतात. नाशिककर ते ऐकतो आणि सोडून देतो. त्याला एवढंच हवं असतं, की गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीवरच्या, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्यापर्यंत असेल तर चहा घ्यायचा, कमरेपर्यंत असेल तर बघायला जायचं, आणि छातीला लागलं की सराफ बाजारातले लोक माल वर हलवायला घेतात. 2019 च्या ऑगस्टात मारुती पार दिसेनासा झाला होता. त्या पुराचा दुसरा कुठलाही आकडा आमच्याकडे कुणाला आठवत नाही.

तर, पुण्याहून आत्याचा फोन आला. बाबा म्हणाले, “अगं, मारुतीच्या कमरेच्या वर गेलंय!”

वहीत डोकं घातलेल्या मुलीने मान वर केली. “बाबा, मारुतीची कंबर म्हणजे किती सेंटिमीटर?”

बाबा गप्प. फोनवर आत्याही गप्प. ‘आत्या, तुला नंतर करतो,’ असं सख्ख्या बहिणीलाच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी हाफ डे टाकून ते खिशात टेप घेऊन गोदाघाटावर गेले. पाण्याच्या पन्नास पावलं अलीकडेच पोलिसाने शिट्टी मारली. (पन्नास पावलं त्यांचीच, आल्यावर त्यांनी जिन्यात सांगितलं.)

शनिवारी मुलीने वहीत लिहिलं : ‘आमचे टेबल माझ्या पाच विती. बाबांच्या तीन विती. मारुती पोलिसकाकांनी मोजू दिला नाही.’ खाली बाईंचा लाल तारा. तो नेमका कुणाच्या वितींना, यावरून बापलेकीचं रविवारी दुपारपर्यंत जुंपलेलं होतं.