अर्धा डीबी तलाठ्याचा

महाराष्ट्र मंडळ शिकागोचं असो, डॅलसचं असो की आमच्या न्यू जर्सीचं, त्यात एक केबलकाका असतातच. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, निवृत्त इंजिनियर, पट्ट्याला मोबाइलचं चामडी पाकीट आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सात-सोळांशाचा पाना. गणेशोत्सवात आरती संपून लोक प्रसादाकडे वळले की हे गृहस्थ हॉलच्या भिंतीवरचं केबलचं तोंड बोटाने चाचपून बघत असतात. ते हाताने घट्ट होण्याइतकंही पिळलेलं नसलं की तिथल्या तिथे पाना बाहेर येतो. आमच्या काकांना गावातली बहुतेक मराठी घरं ठाऊक आहेत, पण फक्त तळघराच्या बाजूने. कोणाकडे नवा सोफा आला याचा त्यांना पत्ता नसतो. "त्या नागपूरकरांकडे आठ तोंडांचा आहे," असं ते म्हणाले की ओळखायचं, बोलणं स्प्लिटरचं आहे.

मूळचे तासगावकडचे. वरच्या मजल्यावर असेपर्यंत काकांचं मराठी पुण्यातल्या इंजिनियरिंग कॉलेजातलं असतं. तळघराच्या पायऱ्या उतरू लागले की पायरीगणिक ते तासगावला पोचतं.

आमच्या घरातला बिघाड तसा किरकोळ. खालच्या हॉलमधल्या रेकॉर्डरवर क्रिकेटची मॅच बिनचूक टेप व्हायची. पण वर बेडरूममधला छोटा डबा संध्याकाळचे सात वाजले की 'रेकॉर्डर सापडत नाही' म्हणायचा. दिवसा सापडायचा. केबल कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दुपारी, आणि दोन्ही वेळा सगळं उत्तम चालू असल्याचं पाहून आमच्याकडे कीव आल्यासारखा बघून गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, हल्ली कोणी रेकॉर्ड करतं का?" तिला उत्तर देण्यापेक्षा काकांना फोन करणं सोपं होतं.

ज्यांच्या घरी ही भानगड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेकॉर्डर एका खोलीत असतो, बाकीच्या टीव्हींना छोटे डबे असतात, आणि हे सगळे भिंतीत आधीपासून असलेल्या कोअॅक्सियल केबलीतूनच एकमेकांशी बोलतात. या बोलण्याच्या पद्धतीला मोका म्हणतात. महाराष्ट्रात मोक्का लागला की माणूस आत जातो. इथे मोका लागला की काका आत येतात.

आले ते काकूंच्या मेसेजसकट. 'यांना जेवूनच पाठवा, नाहीतर अकरा वाजता येऊन पिठलं टाक म्हणतात.' खांद्याला पिशवी, डोक्याला खाणकामगारासारखा दिवा. चहा नको म्हणाले. आधी घराचा नकाशा हवा होता. बिलाच्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी स्वतःच तो काढला: केबल कुठून आत येते, कुठे फुटते, कोणत्या खोलीत संपते. वर शीर्षक घातलं, 'सातबारा'.

"स्प्लिटर म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "वाटणी. एक शेत, दोन भाऊ. निम्मं निम्मं झालं, म्हणजे प्रत्येकाचा तीन डीबी, तीन डेसिबल सिग्नल गेला. पण मोजून बघ, भरतो साडेतीन. वरचा अर्धा कुठं गेला?"

"कुठे?"

"तलाठ्याला."

पुढचा अर्धा तास मी जे शिकलो ते कुठल्याही माहितीपुस्तिकेत इतकं स्वच्छ लिहिलेलं नसेल. चार तोंडांचा स्प्लिटर म्हणजे वाटणीची वाटणी, तिथे सात डीबी जातो. आठ तोंडांच्यात अकराच्या आसपास, "म्हणजे नातवंडांना गुंठाभर". तीन तोंडांच्या डब्यावर एका तोंडाशी साडेतीन आणि उरलेल्या दोन्हींशी सात लिहिलेलं असतं. "थोरल्याला निम्मं, धाकट्या दोघांना पाव पाव. आणि लोक काय करतात? थोरल्याच्या तोंडाला पाहुण्यांच्या खोलीतला टीव्ही लावतात, जिथं दिवाळीशिवाय कुत्रं फिरकत नाही."

मग आमचा स्प्लिटर सापडला. आधीच्या मालकाने वॉटर हीटरच्या मागे लपवलेला, त्यावर 5 ते 1000 मेगाहर्ट्झ असा शिक्का. काकांनी दिवा त्याच्यावर धरून एक दीर्घ श्वास सोडला. मोकाचं बोलणं चालतं 1125 ते 1675 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, केबलच्या चॅनेलांच्या डोक्यावरून. "हजार फुटांची कमान आणि सोळाशेचा ट्रक. जात नाही असं नाही. जातो, पण खरचटत जातो." त्यांनी पिशवीतून 1675 लिहिलेला नवा डबा काढला. जुना न बोलता स्वतःच्या खिशात टाकला. त्यांच्या गॅरेजमध्ये असल्या काढून आणलेल्या स्प्लिटरांचं खोकं आहे. कोणाच्या घरातला कोणता, हे ते न बघता सांगतात.

पण काकांचं खरं दुःख शिक्क्याचं नव्हतंच. "हा डबा कशासाठी केलाय ठाऊक आहे? सरकारकडनं आलेलं पाणी भावाभावांत वाटायला. एका भावाचं पाणी दुसऱ्याच्या शेतात जाऊ नये, याची पक्की तजवीज आत केलेली असते. आणि आता हे मोकावाले म्हणतात, भावांनी याच डब्यातनं एकमेकांशी बोलायचं. बेडरूमच्या डब्याला हॉलच्या रेकॉर्डरशी बोलायचंय. जो डबा अबोला टिकवायला केला, त्यातनं!"

इथे ते जरा थांबले. मला वाटलं पाना शोधताहेत.

रेकॉर्डरविषयी काकांची निष्ठा हा वेगळाच विषय आहे. पहिला टीवो रेकॉर्डर बाजारात आला 1999 साली, आणि काकांनी पुढे त्याचं आजीव सदस्यत्व विकत घेतलं. पैसे भरल्यावर कळलं की आजीव म्हणजे डब्याचा जीव, माणसाचा नव्हे. तेव्हापासून ते त्या डब्याची शुगर-बीपी असल्यासारखी काळजी घेतात: पंखा साफ करतात, हार्ड डिस्क बदलतात, पण डबा जाऊ देत नाहीत. 2025 मध्ये कंपनीने नवे रेकॉर्डर विकणं बंद केलं, तेव्हा मंडळाच्या सहलीत कोणीतरी हळहळ व्यक्त केली. काका म्हणाले, "कालवा बंद झाला म्हणून कोणी विहीर बुजवतं का?" आणि ढोकळा घेतला.

तर सात वाजले. बरोबर सातला बेडरूममधला डबा रुसला. काकांनी पडद्यावर मोकाची स्थिती दाखवणारं पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने मोजू लागले. रेकॉर्डर एक, वरचा डबा दोन, राउटरजवळचा तीन.

"पाच कसे?"

आम्ही परत मोजले. पाचच.

"सातबाऱ्यावर दोन नावं जास्तीची," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आमची घरं एकाला एक चिकटलेली. शेजारी हैदराबादकडचं कुटुंब, तेही रेकॉर्डरवालं. वीज वाचवायची म्हणून ते सकाळी कामावर निघताना टीव्हीचा सगळा पसारा बटणाने बंद करतात आणि संध्याकाळी सातला चालू. सात वाजले की त्यांचं आणि आमचं बोलणं रस्त्यावरच्या केबलीच्या खांबाशी जाऊन एकत्र व्हायचं, आणि आमचा बेडरूमचा डबा त्यांच्या राउटरकडून पत्ता घेऊन त्यांच्या घरात आमचा रेकॉर्डर शोधत बसायचा.

"बांधच नाही," काका म्हणाले. "दोन रानं आणि मधे बांध नाही. मग काय होणार?"

बांध पिशवीत होता. करंगळीच्या पेराएवढी पितळी नळी, केबल घरात शिरते तिथे, स्प्लिटरच्या आधी बसवायची. टीव्हीचं आणि इंटरनेटचं पाणी ती येऊ देते, मोकाचं बाहेर जाऊ देत नाही. शिवाय बाहेर निघालेलं बोलणं तिच्यावर आपटून परत फिरतं आणि धाकट्यापर्यंत पोचतं. जे थेट बोललं जात नाही, ते असं बापाच्या दारावर डोकं आपटून एकमेकांना ऐकू जातं. वर नावं तीन झाली. मुलीने जिन्यातून ओरडून सांगितलं, "सापडला!"

काकांना ते पुरेसं नव्हतं. स्प्लिटरचं चौथं तोंड उघडं होतं. त्यावर 75 ओहमची टोपी पिळत म्हणाले, "तोंड उघडं ठेवू नये. बोललेलं फिरून येतं." मग शेजारी जाऊन दार वाजवलं आणि हिंदी, इंग्रजी व तासगावी मिसळून त्यांच्याही घराला बांध घालून आले. तिथे चहा घेतला.

जेवायला बसलो तेवढ्यात पाकिटातला मोबाइल वाजला. काकांनी नाव बघितलं आणि घास ताटात ठेवला. तासगावला पहाट झाली असणार. आत रेंज नीट मिळेना म्हणून ते तसेच उठले आणि डोक्यावरचा दिवा न काढताच ड्राइव्हवेमध्ये गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. थंडीत एक हात कानाशी, दुसरा आकाशाकडे, दोन पावलं पुढे, एक मागे, मग कचऱ्याच्या डब्याशेजारी एकदम स्थिर.

"हॅलो! आप्पा? कोर्टाचं राहू दे. बांधाचं काय म्हणतोयस? किती कोरला? हॅलो... तुटतंय रे... आप्पा, परत बोल!"