खरं तर पुढे आहे

नानांबरोबर वेरूळला जायचं म्हणजे वेरूळ सोडून सगळं बघायचं. तुमच्या सहलीतही एक नाना असतातच. ड्रायव्हरशेजारची सीट त्यांची, पाण्याची बाटली दुसऱ्याची आणि ओठांवर कायम एकच वाक्य: "इथे काय बघताय? खरं तर पुढे आहे!"

दहाव्या लेण्यात शिरलो. छताला दगडाच्या फासळ्या, पण इतक्या हुबेहूब लाकडी की लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आम्ही माना वर केल्या आणि नानांची टाळी वाजली. "चला, चला! खरं सोळा नंबरात आहे!" मधली पाच लेणी जलद गाडीने बारकी स्टेशनं गाळावीत तशी गाळली.

सोळा नंबर म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर माथ्यापासून खाली कोरत आणून केलेलं अख्खं देऊळ. इथे तरी नाना थांबतील? शिल्पातल्या रावणाला कैलास हलवता आला नाही, नानांनी आम्हाला मात्र वीस मिनिटांत हलवलं. "खरं दौलताबादला आहे!" तीस ते चौतीस ही जैन लेणी खरोखरच पुढे होती, पण ती म्हणे 'फार' पुढे. वाटेत पिठलं-भाकरीचं ताट आलं, तेव्हाही, "पोटात जागा ठेवा, खरा चहा पुढे आहे!"

या पंथाचा मूळ पुरुष महंमद तुघलकच असणार. दिल्लीत बसून त्याला वाटलं, खरं तर पुढे आहे. १३२७ च्या सुमारास त्याने राजधानी देवगिरीला हलवली, तिचं दौलताबाद केलं आणि काही वर्षांनी उमगलं, खरं मागेच होतं. नानांना तेवढंही कधी उमगलं नाही.

खंदक ओलांडून अंधारीत शिरलो. शत्रूला चकवायला कातळात कोरलेली वळणं, वटवाघळांचा उग्र वास. काळोखातून आवाज आला, "खरं तर..." उरलेलं वाक्य आम्ही एका सुरात पूर्ण केलं.

धापा टाकत बारादरी, मग अगदी माथा. तिथे एक तोफ आणि तिच्यापुढे नुसतं आकाश. आता सांगा म्हणावं पुढचं! आम्ही टपूनच होतो, तर नाना फोन घेऊन बाजूला गेलेले. खाली गाडीत काकू होत्या.

"ऐकतेस ना? दहाव्यात स्तूपाला टेकून बुद्ध बसलाय, पाय खाली सोडून. कैलासाच्या अंगणात दगडी हत्ती आहेत, सोंडा तुटल्यात गं बिचाऱ्यांच्या. चांद मिनार दिसतो का तिथून? मान जरा बाहेर काढ."

म्हणजे या गृहस्थाने सगळं पाहिलं होतं, आमच्या आधी आणि आमच्याहून नीट. निवृत्तीनंतर नेतो, निवृत्तीनंतर नेतो, असं म्हणत ही सहल त्यांनी नोकरीभर पुढे ढकलली. निवृत्ती आली तोवर काकूंचे गुडघे गेले होते. हे कळल्यावर मनातल्या मनातसुद्धा त्यांच्यावर नीट चिडता येईना, हा आणखी एक वैताग.

किल्ला बंद व्हायची वेळ झाली. रखवालदार शिट्टी फुंकत वर आला, "चला, चला, उतरा!"

नानांनी फोनवर हात ठेवला. "थांबा हो जरा, घाई काय आहे! हिला तोफ सांगायची राहिलीय."