साइड ऱ्हिदमवाल्यांचे पंचमदा

संगीतकार राहुलदेव बर्मन, म्हणजेच पंचमदा, जन्मले २७ जून १९३९ रोजी आणि गेले ४ जानेवारी १९९४ रोजी. या दोन तारखांच्या आसपासच्या रविवारी पुण्यात हॉल मिळणं कठीण. म्हणून आमच्या मित्रमंडळींची 'पंचमदांना आदरांजली' सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात असते. प्रवेश विनामूल्य. बाहेर पडणं मात्र अवघड, कारण वडा-कॉफी शेवटच्या गाण्यानंतर.

गाणारे उदंड आहेत. पुरुषांनी किशोरकुमार आपापसांत वाटून घेतलाय आणि प्रत्येकाला पट्टी 'जरा खाली' हवी असते. कराओकेचा ट्रॅक मग इतका खाली येतो, की त्यातला सॅक्सोफोन सर्दी झाल्यासारखा वाजतो.

मी गात नाही. हा ठराव एकमतानं मंजूर झालेला आहे. इतर संगीतकारांच्या आदरांजलीत अशा माणसानं खुर्च्या मांडायच्या असतात. पंचमदांच्या आदरांजलीत मात्र त्याला साइड ऱ्हिदमचं काम मिळतं, आणि तेही स्टेजवर! 'यादों की बारात'मधलं (१९७३) ते प्रसिद्ध गाणं ग्लासवर चमचा वाजवून सुरू होतं. 'शोले'तल्या (१९७५) जिप्सींच्या नाचगाण्यात बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून काढलेला आवाज आहे. मारुतीराव कीर, अमृतराव काटकर हे आपले मराठी वादक पंचमदांच्या ताफ्यात होते. काटकरांचं वाद्य रेसो-रेसो, म्हणजे खाचांवर काडी घासायची. आमच्याकडे त्या जागी किसणी आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरात कोणी गाजराची कोशिंबीर मागत नाही.

आता यात काय अवघड, असं गाणाऱ्यांना वाटतं. त्यांनी एकदा पाण्यानं सूर लावून पाहावा. ग्लासात पाणी वाढवलं की टणत्काराचा सूर उतरतो. बाटलीत वाढवलं की फुंकरीचा सूर चढतो. हे उलटसुलट गणित जमवून मी सगळं मांडून ठेवलं आणि आमच्या तबलजीला तहान लागली. एका घोटात त्यानं बाटलीचा पंचम मध्यमावर आणला. वर 'पाणी कोमट होतं' अशी तक्रार.

शिवाय खरा घुमार बिअरच्या बाटलीतच उमटतो, असं आमचं संशोधन आहे. त्या रिकाम्या करण्याच्या तालमीला आजवर कोणी दांडी मारलेली नाही. सोसायटीचे अध्यक्ष दीपप्रज्वलनाला आले, तेव्हा त्यांची नजर टेबलाखालच्या रांगेवर पडली.

"वाद्यं आहेत काका," मी म्हटलं.

"दिसतंय," ते म्हणाले, "बराच रियाज झालाय."

'कारवां'मधलं (१९७१) आशाबाईंचं ते श्वासांचं गाणं म्हणजे भल्याभल्या गायिकांची परीक्षा. आमच्या वहिनींना ते विनासायास जमलं, कारण लिफ्ट बंद होती आणि त्या थेट जिन्यावरून माइकसमोर आल्या. त्या गाण्यात पंचमदांनी स्वतः मोनिकाला हाका मारल्या आहेत. एवढ्या एका कामासाठी आमच्याकडे इतके ज्येष्ठ नागरिक पुढे आले, की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. ज्यांचं नाव निघालं, त्यांनी हाक इतकी आर्त मारली, की पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवतींनी वळून शेजारणीला विचारलं, "ही कोण?"

निवेदकाबद्दल न बोललेलं बरं. 'पंचम' हे नाव कसं पडलं याच्या दोन वेगळ्या कथा प्रचलित आहेत. तो दोन्ही सांगतो, आणि खरी कुठली याचा निर्णय श्रोत्यांवर सोपवून तिसरी सुरू करतो.

पुढचा कार्यक्रम जानेवारीत आहे. त्यात 'सत्ते पे सत्ता'चं (१९८२) पार्श्वसंगीत घ्यायचं आमच्या मनात आहे. त्यातल्या खुनशी अमिताभसाठी ॲनेट पिंटो यांनी चक्क गुळण्या करून आवाज दिला होता. तरी सुरात गुळण्या करणारी व्यक्ती तातडीनं हवी आहे. गाणं येत नसल्यास प्राधान्य. पाणी आमच्याकडून, फक्त कृपा करून ते गिळू नये.