बारा पॉइंट सहा

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ६ अंशांवर आला, की निफाडचे द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात आणि इकडे नाशिकला आमचे मीटरकाका कानटोपी चढवून पार्किंगमध्ये उतरतात. थंडीची वाट दोघंही बघतात. बागायतदार ती जायची, काका ती यायची. त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर असतं.

सकाळी सातला कुणाच्या तरी गाडीतून टक-टक-टक-टक ऐकू येतं. मालकाचा चेहरा उतरतो, काकांचा उजळतो. "सेल्फ मारू नका!" ही आरोळी आधी पोहोचते, मागून काका, एका हातात मल्टिमीटर, दुसऱ्यात अर्धा प्यायलेला चहा.

"लागोपाठ टकटक म्हणजे बहुधा बॅटरी. एकदाच टक् होऊन गप्प बसली असती, तर सेल्फ बघितला असता. आणि आवाजच आला नसता, तर..." मागच्या सीटवर शाळेला निघालेलं पोरगं दप्तरासकट बसलेलं असतं. तरी काका तिसरी शक्यता पुरी करतातच.

मग बॉनेट. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. "११.९!" हे ते असं पुकारतात, की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडतात. "भरलेली बॅटरी १२.६ हवी!"

काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे निदान नेहमी त्याच भाषेत. "सेल्फ मारणं म्हणजे एकरकमी मोठा विड्रॉल. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरायला जड जातं, विड्रॉल वाढला. त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, कॅशियर रजेवर. त्यात तुमचं ऑफिस दीड किलोमीटरवर. एवढ्यात आल्टरनेटर भरणा तरी किती करणार? वर डॅशकॅम रात्रभर चालू!" शिवाय, बॅटरी खंगते एप्रिल-मेच्या उन्हात आणि उघडकीला येते डिसेंबरात. "आमच्याकडेही ऑडिट उशिराच यायचं."

यातलं एक वाक्यही चुकीचं नसतं, हीच खरी अडचण. अर्धवट माहितीचा माणूस टाळता येतो.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर दिसली, की काकांची समाधी लागते. आधी मायनस सोडायचं, मग प्लस. नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी उडायची. जोशीवहिनींच्या स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा येतो, गरम पाणी येतं. फेस फसफसतो, पोरं गोळा होतात. कुणीतरी उत्साही गृहस्थ "धक्का मारू या का?" म्हणतात. "ऑटोमॅटिक आहे ती! देवळालीपर्यंत ढकला, सुरू होणार नाही."

शेवटी शेजारची गाडी जवळ लावून जंपर केबल जोडायची वेळ येते. लाल क्लिपा विनातक्रार लागतात. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला लागतं आणि दुसरं काकांच्या हातातच राहतं. "ही उतरलेल्या बॅटरीला लावायची नाही. इंजिनच्या उघड्या धातूला, लांब. का, सांगा?" कुणीच सांगत नाही. "बॅटरीतून हायड्रोजन निघतो!" शाळेची घंटा एव्हाना झालेली असते.

तेवढ्यात मालकाने गुपचूप फोन करून बोलावलेला बॅटरीवाला पोरगा बाइकवरून येतो. जॅकेटमधून वहीएवढा बूस्टर काढतो, दोन चिमटे लावतो आणि म्हणतो, "मारा." गाडी सुरू. पोरग्याने पैसे खिशात टाकेपर्यंत बॉनेट बंदही झालेलं असतं.

"थांबा! चालू इंजिनवर १४ च्या आसपास येतंय का बघू द्या! आजार तसाच आहे, नुसता शुद्धीवर आणलाय!" काका मीटर उंचावून सांगतात, पण गाडी गेटबाहेर पडलेली असते.

काका क्षणभर रिकाम्या जागेकडे बघतात. पोरगा बाइकला किक मारतो आणि निघायच्या बेतात असतो.

"ए बाळा," काका मायेने म्हणतात, "तुझा हेडलाइट मिणमिणतोय रे. उतर जरा खाली."