डाऊन कसे व्हावे : घाटाखालच्यांसाठी काही सूचना

पांढुर्णा-सौंसरकडच्या मराठी माणसाला मन, मार्केट, सर्वर, व्होल्टेज आणि शुगर या पाचांसाठी आता एकच विशेषण पुरते : डाऊन. त्याची सोय उघड आहे. चेहरा उतरला, तब्येत उतरली, तोंड उतरलं असा लिंगाचा जाच त्याला नाही. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून इथला माणूस घरी मराठी आणि कचेरीत हिंदी बोलतो. डाऊन दोन्हीकडे जसेच्या तसे चालते. पण त्याचा खरा गुण व्याकरणात नाही. 'करमत नाही' म्हटले की ऐकणारा विचारतो, कोण गेलं? 'हिरमुसला' म्हटले की विचारतो, काय मिळालं नाही? मराठीतले दुःखाचे बरेच शब्द आपल्या मागे एक 'काहून?' ओढत आणतात. 'डाऊन आहे' म्हटले की ऐकणारा मान हलवतो आणि दुसरा विषय काढतो. म्हणून पहिली सूचना अशी : ज्याचे कारण सांगायचे नाही, त्यालाच डाऊन म्हणावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रातल्या गोटमारीत गोटा लागून डोके फुटले, तर तो मनुष्य डाऊन नव्हे. तिथे कारण सर्वांनी पाहिलेले असते, अगदी पलीकडच्या सावरगावातूनसुद्धा.

यावर शुद्धिप्रेमी म्हणतील, आपला 'उदास' काय वाईट आहे? काहीच नाही. पण संतांच्या मराठीत उदास म्हणजे विरक्त, ज्याला आता काही नको तो. आज ज्याला हवे ते मिळाले नाही, तोही उदासच. ज्या शब्दाने एवढे अंतर कापले, त्याने दुसऱ्याच्या भटकेपणाबद्दल बोलू नये. शिवाय डाऊन हा शब्द इंग्रजांच्या घरीही डोंगरावरूनच उतरलेला आहे. जुन्या इंग्रजीत 'दून' म्हणजे टेकडी. 'टेकडीवरून' या शब्दप्रयोगाचे अर्धे अक्षर गळाले आणि 'खाली' उरले. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी या शब्दाला परका मानायचे कारण नाही.

उलट इथे त्याचा एक थोरला भाऊ आधीपासून नांदतो आहे. इंग्रजी अमदानीतल्या वर्णनांत छिंदवाडा जिल्ह्याचे, ज्यात तेव्हा पांढुर्णा-सौंसर येत, दोन भाग सांगितलेले असत : डोंगरावरचा बालाघाट आणि खालचा जेरघाट. बाला म्हणजे वर, जेर म्हणजे खाली. दोन्ही शब्द फारसी. म्हणजे शिलेवानीचा घाट उतरला की माणूस सरकारी भाषेत जेर होत असे, मग त्याच्या शेतात कपाशी कितीही पांढरी होवो आणि बागेत संत्री कितीही लगडोत. हाच जेर मराठीत शिरून 'जेर करणे' आणि 'जेरीस आणणे' झाला. 'खाली' या अर्थाचा शब्द 'हरलेला' होईपर्यंत घसरतो, हे इंग्रजीने आपल्याला शिकवायला नको होते. फरक एवढाच की 'जेरीस आणले' म्हणताच कोणी आणले ते सांगावे लागते. डाऊनला आणणारा कोणी नसतो. ते पावसासारखे असते, आभाळातून येते.

कोणी असाही आक्षेप घेईल की रेल्वेतला डाऊन तरी निरुपद्रवी आहे. मोठ्या ठाण्याकडे जाते ती अप, तिथून दूर जाते ती डाऊन; वाटेत घाट चढला तरी डाऊन ती डाऊनच. मान्य. पण त्यातूनही निघते काय, तर खाली-वर हे उंचीवर नाही, कचेरी कुठे आहे त्यावर ठरते. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि कागदासाठी घाट चढून छिंदवाड्याला जायची गरज संपली. या हिशेबाने पांढुर्णा तेव्हापासून अप आहे, आणि सौंसरने आपण कोण ते ठरवून घ्यावे.

आता सर्वांत नाजूक वापर, भावाचा. भाव उतरला म्हणजे कालपर्यंत तो वर होता. पडला म्हणजे कुणाला तरी लागले. पाडला म्हणजे पाडणारा आहे. या तिन्ही शब्दांत थोडीथोडी साक्ष शिल्लक असते, म्हणून संत्र्याचा ढीग समोर असताना व्यापारी त्यांतला एकही उच्चारत नाही. तो म्हणतो, "मार्केट डाऊन है, भाऊ." सर्वर डाऊन असावा तसे, कोणाचा दोष नाही, थोड्या वेळाने बघा. बागवानाने इथे मान हलवू नये. सरावासाठी एकच धडा पुरे : आवाज न चढवता, ढिगाजवळून न हलता विचारावे, "काहून?" आणि उत्तर येईपर्यंत काटा लावू देऊ नये.